मागच्या सीटवरची थरथर

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. त्या वर्षी माझ्या धाकट्या दिराने आपल्या गाडीला चार नवी झगझगीत चाकं बसवली आणि गाडी थरथरायला लागली. घडलं म्हणाल तर एवढंच घडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या थरथरीपायी कितीतरी दिवस आम्ही तिघं, म्हणजे मी, माझे यजमान आणि हा दीर, दुकानाचं शटर ओढायच्या आधी त्या गाडीत बसून शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर जायचो. ते दोघे पुढे, मी मागे. मी चपला काढून तळपाय खाली टेकवायची, दोन्ही हात सीटवर पालथे ठेवायची आणि डोळे मिटायची. गाडीचा काटा ऐंशीच्या जवळ गेला की ती यायची. आधी अगदी दुरून, शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवत असावं तशी. मग टाचांतून वर, पोटऱ्यांत, गुडघ्यांच्या वाट्यांत. "आली?" दीर आरशातून विचारायचा. "आली," मी म्हणायची. ते सांगताना माझ्या आत जे काही हलायचं, त्याला मी तेव्हा काळजी समजत होते.

आमचं टायरचं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलेलं, मग ते गेल्यावर ह्यांनी सांभाळलेलं. आमच्या पिढीच्या सवयीने मी यजमानांना 'हे' म्हणते. त्यांचं नाव मी उभ्या आयुष्यात कागदावरच घेतलं असेल. दुकान म्हणजे एक लांबट खोली, रस्त्याच्या बाजूने उघडी, मागे रबराच्या वासाचा अंधार आणि मधोमध बॅलन्सिंगचं मशीन. कुठलंही चाक घ्या, कितीही चांगलं, ते कुठेतरी कणभर जड असतंच. वेगात फिरलं की तो कणभर जडपणा चाकाला ओढतो आणि गाडी थरथरते. मशीनवर चाक फिरवून ती जागा शोधायची आणि तिच्या समोरच्या अंगाला तेवढंच शिशाचं वजन लावायचं. जुन्या लोखंडी चाकांना कड असायची. तिच्यावर वजन ठेवलं, हातोडीचा एक टोला मारला, की बसलं. दिसायला ते चांगलं दिसतंय की नाही, हे कुणाच्या ध्यानीमनी नसायचं. काढून टाकलेली जुनी वजनं मी घरी आणायची आणि पडद्यांच्या दुमडीत शिवून टाकायची. आमच्या घरातले पडदे वाऱ्याने उडत नसत. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे वारासुद्धा शिस्तीत येतो.

मी दुकानात कशी आले ती एक गंमतच आहे. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. सासरे एका गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त झाल्यावर फिरवून बघायला निघाले होते आणि मला वाटेत कुठेतरी सोडणार होते. मी मागे बसले. नव्या घरातली, नव्या माणसांसमोरची, तोंडातून शब्द फुटायची पंचाईत. पण तरी राहवेना म्हणून म्हटलं, "माझ्या उजव्या मांडीखाली काहीतरी गुरगुरतंय." सासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, झालं, चुकलं काहीतरी. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गुरगुरतंय, का धडधडतंय?" मी विचार करून म्हटलं, "गुरगुरतंय." ते परत दुकानात गेले, मागचं उजवं चाक उतरवलं आणि त्याचं एक वजन पडलेलं निघालं. त्यानंतर अवघड गाडी आली की ते घरी निरोप धाडायचे, पोरीला पाठवा. पुढच्या चाकांची थरथर स्टिअरिंगमध्ये येते, ती चालवणाऱ्याला कळते. मागच्यांची सीटमधून येते, आणि मागे कुणी बसल्याशिवाय ती नीट कळत नाही. सासरे गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे दोन मशीनं आहेत. एक वीज खातं, एक चहा पितं." गिऱ्हाइकं हसायची आणि मी मागच्या सीटवर अंग चोरून बसायची, पण मला ते आवडायचं. डोळे मिटून नुसतं बसायचं, आणि त्याला काम म्हणायचं. बायकांच्या वाट्याला असं काम कुठे येतं?

दीर तेव्हा पहिलीत होता. सासूबाई जाऊन वर्ष उलटलं नव्हतं. घरात तीन पुरुष, त्यांतला एक दुधाचे दात पडणारा. त्याला सगळे बारक्या म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका वाढला तरी बारक्याच राहिला. लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. तो दाराशी उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "तू राहणार आहेस का जाणार आहेस?" मी म्हटलं, राहणार. "किती दिवस?" मी म्हटलं, "तू कंटाळशील इतके." त्याने थोडा विचार केला आणि आपली दप्तराची पेटी उचलून आमच्या खोलीत आणून ठेवली. ती तिथून हलली ती तो कॉलेजात गेल्यावर. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग एक दिवस आम्ही त्याबद्दल बोलायचं बंद केलं. त्याचं फार दुःख केलं असंही नाही, कारण घरात कुणाचा तरी ताप उतरवायचा असायचाच, कुणाचा तरी डबा भरायचा असायचाच. रागावले की मी त्याला 'भाऊजी' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. "भाऊजी, तुमचे बूट तुम्ही उचलता, की मी रस्त्यावर टाकू?" असं म्हटलं की तो धावत यायचा.

झगझगीत चाकांचं खूळ आमच्या दुकानात त्यानेच आणलं. गाडीबरोबर येणारी काळी लोखंडी चाकं काढून टाकायची आणि बाजारातली ही चंदेरी, नक्षीच्या दांड्यांची चाकं घालायची. तरुण मुलं त्यासाठी वेडी झाली होती. ह्या चाकांना कड नव्हती. हातोडी मारली तर ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे गिऱ्हाईक रडकुंडीला. म्हणून वजनं आतल्या बाजूने चिकटवायची. बारक्या गल्ल्यावर बसून बिनदिक्कत शब्द द्यायचा, "साहेब, एक वजन दिसलं तर चाक परत." आणि मागे हे हात पुसत उभे असायचे. वजन कुठे लावायचं हा मग ह्यांचा ध्यास झाला. चाक रुंद, म्हणून वजन दोन ठिकाणी लागायचं: एक पार आतल्या काठाला, एक दांड्यांच्या अगदी पाठीमागे. कधी कधी मशीन नेमकी दोन दांड्यांमधल्या फटीची जागा दाखवायचं, जिथून सगळं आरपार दिसतं. मग हे त्या वजनाचे दोन वाटे करायचे आणि अलीकडच्या आणि पलीकडच्या दांडीमागे एकेक असे दडवायचे की बेरीज त्या फटीतच पडावी. आधी स्पिरिटने आतली बाजू पुसायची, कोरडी होऊ द्यायची, मग पट्टी लावून अंगठ्याने दाबून धरायची. ब्रेकला घासणार नाही ना, ते चाक हाताने फिरवून, कान लावून बघायचं. अंगठा दाबला की ह्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं देवाचं काही म्हणतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "छे गं, पंख्याच्या फेऱ्या मोजतो." बारक्या कधी घाईत म्हणायचा, "दादा, सगळं आतल्या काठालाच लाव ना, कोण बघतंय?" तर हे म्हणायचे, "एकाच अंगाला लावलं तर चाक डुलतं. आणि मागे बसलेली बाई मला बोल लावते."

असे हे दोघे. एक बोलून विकणारा, एक गप्प राहून बसवणारा. मी त्यांच्यामधली. माझी समजूत होती की हे असंच चालणार. एक दिवस जेवताना बारक्याने ताटाकडे बघत सांगितलं की त्याचं लग्न ठरतंय. मुलगी दूरच्या शहरातली, तिच्या वडिलांची मोक्याच्या चौकात जागा आहे, आणि तो तिकडेच दुकान काढणार आहे. मुलीचं आम्हाला कळलेलं होतं, जागेचं नव्हतं. मी पाणी वाढत होते. पेला भरून वर आला तरी मी ओततच होते आणि आम्ही तिघंही त्या पाण्याकडे बघत होतो. तो म्हणाला, "वहिनी, बस." मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "गाडीनेच जाईन म्हणतो. सामान बसेल." हे बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "गाडीला चाकं नवी टाकलीयस ना? थरथरते म्हणालास. आधी ती नीट होऊ दे. एवढा लांबचा पल्ला आहे." एवढंच. त्यांनी जाऊ नकोस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

म्हणजे गाडी नीट झाली की तो जाणार, हे ठरलं. आणि गाडी नीट होईना. ह्यांनी चाकं उतरवली, मशीनवर फिरवली, मशीन दोन्ही बाजूंना शून्य दाखवत होतं. पुन्हा चढवली, आम्ही रस्त्यावर गेलो, थरथर तशीच. जुनी वजनं खरवडून काढली, नवी लावली. टायर रिमवर फिरवून बसवला. पुन्हा शून्य, पुन्हा थरथर. पहिल्या आठवड्यात बारक्या हसत होता. "दादा, सगळ्या शहराच्या गाड्या लोण्यासारख्या पळतात आणि घरचीच बघ कशी कापते." मग त्याचं हसणं कमी झालं. मग दोघे एकमेकांशी थेट बोलेनासे झाले. गाडीत पुढे शेजारीशेजारी बसायचे, नजर समोर, आणि बोलायचे माझ्यामार्फत. "वहिनी, दादाला विचार, पुढचं डावं आज बघितलं का?" "त्याला सांग, बघितलं." "विचार, मग फरक का नाही?" "सांग, गाडी चालवताना तोंड जरा बंद ठेव म्हणावं." मी म्हणायची, "मी काय टेलिफोन आहे का? बिल पाठवीन दोघांना." त्यावर दोघेही हसायचे, वेगवेगळ्या खिडक्यांकडे बघून.

त्या मागच्या सीटवर मी जे दिवस घालवले, ते माझ्या आठवणीत इतर दिवसांपेक्षा वेगळ्या जागी आहेत. सीटचं कापड खरखरीत होतं, उन्हाने तापलेलं, आणि त्याला गाडीत सांडलेल्या कुठल्याशा जुन्या चहाचा वास होता. पुढे दोन माना. ह्यांची सावळी, रुंद, केस कानामागे पांढरे झालेले. बारक्याची उंच, आणि मानेवर तो लहानपणी पायरीवरून पडला त्याची खूण. ती खूण शिवून आणायला मीच त्याला उचलून नेलं होतं. वाटेत तो माझ्या खांद्याला इतका घट्ट चावला की मलाही औषध लावावं लागलं. डोळे मिटले तरी त्या दोन माना मला दिसायच्या. मग वेग वाढायचा, रस्त्याकडेची गोदामं आणि कंपाउंडच्या भिंती मागे पडायच्या, आणि मी वाट बघायची. हो, वाट बघायची. हे मला एका संध्याकाळी लख्ख कळलं. त्या दिवशी काटा ऐंशीला गेला तरी काही आलं नाही. तळव्यांखाली नुसती गाडी, गुळगुळीत, बिनबोलाची. मला वाटलं, गेली. संपलं. हा आता जाणार. आणि तेवढ्यात टाचेत ती उमटली, नेहमीची, शिवणयंत्राची, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी सीटला हात फिरवला, घरी उशिरा आलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "आली?" "आली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जरा जास्त आनंदी वाटला. ह्यांनी किंचित मान वळवली, पण मागे बघितलं नाही.

तेव्हापासून मी स्वतःला जरा भिऊन असायची. सबंध शहरात कुणी बाई आपल्या दिराची गाडी बिघडलेली राहावी असं मनोमन म्हणत असेल का? स्वयंपाक करताना वाटायचं, आज निघून गेली असेल ती. रात्री ह्यांच्या कुशीवरून कुशीवर वळण्याने मला जाग यायची. हे असे कधी वळत नसत. पडले की सकाळ. मी विचारायची, "काय झालं?" म्हणायचे, "ते चाक." मला त्यांची दया यायची. बिचाऱ्यांना जमत नाहीये, आयुष्यभर दुसऱ्यांची चाकं बसवली आणि भावाच्याच गाडीला यश येत नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलंय असं मी धरून चालले होते. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना मनात म्हणायची, न जमो. म्हणजे मी एकाच हाताने त्यांचं सांत्वनही करत होते आणि त्यांच्या अपयशाला धरूनही ठेवत होते. मनाचं असंच असतं बहुतेक. निदान माझ्या मनाचं असंच होतं.

मग ती संध्याकाळ आली. आभाळ करडं होतं. आम्ही त्याच रस्त्यावर होतो. थरथर आली, पण नेहमीच्या जागी नाही. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. बारक्याने विचारलं, "काय?" मला सवय होती जे आहे ते सांगायची, सासऱ्यांनी लावलेली. मी म्हटलं, "परवा पोटऱ्यांत होती. आज कमरेत आहे." बारक्याने गाडी बाजूला घेतली. शेजारून मालाचा ट्रक धडधडत गेला. तो म्हणाला, "चाकं तीच. वजनं तीच, आज वजनाला हातही लावलेला नाही, नुसती उतरवून चढवलीत. मग हिची जागा बदलली कशी?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला मध्ये न घेता म्हटलं, "दादा, मी तुझ्याशी बोलतोय." हे समोर बघत म्हणाले, "बघू परत उद्या." "उद्या नाही. मी रविवारी निघतोय. थरथरू दे नाहीतर तिचे तुकडे पडू देत." "ह्या गाडीने तू जाणार नाहीस." "का नाही? तुला ही चाकं कधी आवडलीच नाहीत. मी आणली म्हणून. तू मुद्दाम करतोयस, दादा. सगळ्या जगाची चाकं बसतात तुझ्या हातून, माझीच बसत नाहीत?" मी म्हटलं, "भाऊजी, तोंड सांभाळा!" पण तो थांबला नाही. "सांग ना, मुद्दाम करतोयस की नाही?" ह्यांनी खिडकीची काच खाली घेतली, पुन्हा वर घेतली. "चल दुकानात," म्हणाले. मी ह्यांच्या मानेकडे बघत होते. ह्यांच्यासारख्या माणसावर असा आळ! मला बारक्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्याचा हात धरून ठेवावासा वाटत होता. आता हा रागाने जाणार. जाईल तर जाईल, पण असा जाणार. परत येणार नाही असा.

दुकानाशी आलो तर दारात शेजारचा लेथवाला उभा. गोल चेहऱ्याचा, मोठ्याने बोलणारा माणूस. दिवसभर मशीनच्या आवाजात राहून त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. त्याच्या हातात तारेला ओवलेल्या चार कड्या होत्या, पांढऱ्या धातूच्या, नवीन, चमकणाऱ्या. "अहो दादा," तो ओरडला, "किती दिवस ठेवायच्या ह्या? खिळ्याला टांगून ठेवल्यात, जाता-येता डोक्याला लागतात!" हे गाडीतून उतरत होते. उतरता उतरता थांबले. बारक्याने विचारलं, "कसल्या कड्या?" लेथवाल्याला वाटलं, ह्याला खरंच सांगायला हवं. "ह्याच गाडीच्या की! ह्या बाजारातल्या चाकांचं मधलं भोक मोठं असतं, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून. तुमच्या गाडीचं हब, चाक ज्याच्यावर बसतं ते, लहान. मशीनवर चाक मधोमध धरलं जातं म्हणून तिथे शून्य दाखवतं, आणि गाडीवर ते नुसतं नटांवर लटकतं, दर वेळी वेगळं बसतं. ही कडी मध्ये घातली की गच्च. तुमचे दादाच सांगून गेले ना सगळं. माप स्वतः घेऊन आले. चाकं आली त्याच आठवड्यात! दुसऱ्या दिवशी तयार करून ठेवल्या, पण न्यायला येतील तर शपथ."

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. लेथवाल्याने आमच्या तिघांकडे पाळीपाळीने बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का?" हे म्हणाले, "नाही, नाही. मी विसरलो." बारक्याने लेथवाल्याच्या हातातून तार घेतली. कड्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या. मी गाडीचं दार धरून उभी होते. आता हा काय बोलेल, काय फेकेल, ह्याची मी वाट बघत होते. त्याने एक कडी तारेतून काढली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून ह्यांच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "विसरलास." "हो." "दादा, मी तिसरीत असताना तुझा पाना हरवला, तो तू अजून विसरलेला नाहीस." "वय झालं आता." "वय!" बारक्या म्हणाला, आणि त्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की तो हसला की काय ते मला कळलं नाही. कडी त्याने डोळ्यावरून काढली नाही. हे नळाशी गेले आणि हात धुऊ लागले. फेरीवरून आल्यापासून त्यांनी कशाला हात लावला नव्हता, तरी साबण लावून, कोपरांपर्यंत, खूप वेळ धूत राहिले. मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. कुशीवरून कुशीवर वळणं, रोज चाकं उतरवणं आणि चढवणं, रोजचा तो रस्ता. मी मागच्या सीटवर बसून ज्याची वाट बघत होते, तेच हे रोज स्वतःच्या हाताने नटांत आवळून देत होते. आणि मी त्यांची दया करत होते.

कड्या त्याच संध्याकाळी बसवल्या. दोघांनी मिळून. गाडी जॅकवर उचलली, हबावरचा गंज घासून काढला, आणि कडी बसताना 'टक' असा बारीक आवाज झाला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बारक्या चाक धरायचा, हे नट आवळायचे, एक हा, मग त्याच्या समोरचा, मग त्याच्या शेजारचा. मधून मधून बोलणं चाललं होतं, कामापुरतं. "धर." "धरलंय." "वर घे जरा." "घेतलं, पुढे बोल." मी स्टुलावर बसून चहा गार होऊ देत होते. त्यांच्याकडे बघून वाटत होतं, कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही की ह्यांच्यात मघाशी काही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. रस्ता रिकामा होता. मी चपला काढल्या, हात टेकले, डोळे मिटले. बारक्याने वेग वाढवला. गोदामं मागे पडल्याचं मला आवाजावरून कळलं. ऐंशी झाले असतील, नव्वद झाले असतील. मी टाचांमध्ये शोधलं, पोटऱ्यांत शोधलं, कमरेत, खांद्यांत, दातांत शोधलं. काही नव्हतं. रस्ता सरळ माझ्या खालून जात होता आणि मला शिवतही नव्हता. माझे हात नुसते हात होते. "वहिनी?" बारक्याने विचारलं. मी डोळे उघडले नाहीत. ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं असणार, मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की त्यांचा कान माझ्याकडे आहे. मी 'आली' म्हटलं असतं तर दोघांपैकी एकानेही मला खोटं ठरवलं नसतं. पुन्हा चाकं उतरली असती, पुन्हा संध्याकाळ झाली असती. शब्द अगदी ओठांवर होता. पण बारक्याला मी कधी मापात फसवलं नव्हतं, दुधात औषध घालून पाजतानासुद्धा सांगून पाजलं होतं. मी म्हटलं, "नाही. काही नाही." "नक्की?" "नक्की." गाडी तशीच पळत राहिली. मग हे म्हणाले, "परत एकदा बघायचं का? खात्री म्हणून." बारक्या म्हणाला, "बघू या की." पुढच्या वळणावरून त्याने गाडी फिरवली आणि आम्ही तो रस्ता पुन्हा सबंध गेलो. मग आणखी एकदा गेलो. त्यानंतर कुणी मला काही विचारलं नाही, आणि मीही डोळे उघडून दोन माना बघत बसले.

रविवारी तो गेला. डबा मी भरून दिला, तो त्याने मागच्या सीटवर ठेवला. ह्यांनी चारी चाकांचे नट पुन्हा तपासले आणि म्हणाले, "पोचलास की फोन कर." त्याने केला. पुढेही दर आठवड्याला करत राहिला. त्या कड्यांबद्दल दोघा भावांत पुन्हा शब्द निघाल्याचं मी ऐकलं नाही.

लेथवाल्याने पुढे धंदा वाढवला, त्याच्याकडे सात-आठ माणसं झाली, पण त्याचा आवाज शेवटपर्यंत कमी झाला नाही. बोलताना तो बायकोलासुद्धा ओरडल्यासारखा ऐकू यायचा, आणि ती त्याच्याहून मोठ्याने उत्तर द्यायची. बारक्याचं दुकान चाललं. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या जावेने, पहिल्याच भेटीत मला सांगितलं, "तुम्ही ह्यांना फार लाडावून ठेवलंय, मी आता सरळ करते." तिला ते पूर्ण जमलं नाही. त्यांना दोन मुली. थोरली गाड्यांकडे ढुंकून बघत नाही, धाकटीने मात्र दुकान हातात घेतलंय. ह्यांनी आमचं दुकान हात चालत होते तोवर चालवलं. मग जागा दुसऱ्यांना गेली. आता तिथे चष्मे मिळतात. ह्यांचं शेवटचं आजारपण लांबलं. बारक्या दुकान पोरीवर टाकून आला आणि राहिला. किती दिवस राहणार, हे त्याने सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. दुपारी तो ह्यांचे पाय चेपत बसायचा आणि दोघे बाजारात आलेल्या नव्या मशीनबद्दल वाद घालायचे. असेच वाद घालत असताना एका दुपारी हे झोपले आणि उठले नाहीत.

बारक्या मला तिथे ठेवायला तयार नव्हता. मी पुष्कळ नाही म्हटलं. माझं घर, माझी भांडी, माझं काय कुणाचं अडलंय. तो वाद घालत बसला नाही. त्याने माझी बॅग उचलून गाडीत टाकली, आणि सीट माझी नेहमीची म्हणून मागचं दार उघडून धरलं. आता मी त्यांच्याकडे असते. माझी खोली रस्त्याकडची आहे. गाडीत बसले तर पायाला अजून सगळं कळतं, पण आताच्या गाड्यांत कळण्यासारखं फारसं नसतं. सकाळी जाऊबाई चहा घेऊन येतात, खुर्ची ओढून बसतात, आणि रोज तीच तक्रार करतात. "नऊ वाजले. तुमचा बारक्या अजून घोरतोय." तो आता चौसष्ट वर्षांचा आहे, गुडघे दुखतात, डोक्यावर केस म्हणायला नाही. मी म्हणते, "झोपू दे गं त्याला."